परदेशातल्या सेमिस्टरची तयारी : प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते मार्च

४ ऑगस्ट

आजपासून कामाला सुरुवात. आपल्या विभागातल्या ज्या मुलामुलींना परदेशात एक सेमिस्टर किंवा आख्खी पदवी करायची आहे, त्यांच्यासाठी तक्ता बनवायचा : कशानंतर काय, कुठला कागद कुठल्या कागदासाठी अडून राहतो, कुठे किती दिवस धरायचे. आम्ही तिघं आहोत. मी गेल्या वर्षी एक सेमिस्टर बाहेर करून आले. दुसरी माझी ज्युनिअर, तिला येत्या फेब्रुवारीत एका सेमिस्टरसाठी बाहेर जायचं आहे. तिसरा शेवटच्या वर्षाचा मुलगा, त्याला मास्टर्सच परदेशात करायचं आहे. तक्ता बनत जाईल तसा या दोघांवर तो तपासूनही होईल.

मी हे का हाती घेतलं ते इथेच लिहून ठेवते. तिकडे मी पाच विषय उत्तीर्ण झाले, पण परत आल्यावर त्यातले दोन धरले गेले नाहीत. जाण्याआधी मंजूर करून घेतलेल्या पाचांपैकी एक विषय त्या वर्षी शिकवलाच जाणार नव्हता आणि दुसऱ्याचे तास तिसऱ्याच्या तासांवर येत होते. मी त्यांच्या जागी दुसरे दोन घेतले. इकडे फोन करून विचारलं, ‘चालेल’ असं उत्तर मिळालं. त्या ‘चालेल’चा कागद माझ्याकडे नव्हता. आता दोन विषय पुन्हा करतेय आणि पदवी एक सेमिस्टर पुढे गेली. बाहेर गेल्याचं मला जराही वाईट वाटत नाही, संधी आली तर पुन्हा जाईन. पण हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला यायला नको.

७ ऑगस्ट

पहिली बैठक. प्रत्येकानं आपल्या मते पहिली पायरी फळ्यावर लिहायची असं ठरलं. ज्युनिअरनं लिहिलं ‘देश ठरवणं’. शेवटच्या वर्षाच्या मुलानं लिहिलं ‘आयईएलटीएस’, म्हणजे इंग्रजीची परीक्षा. मी लिहिलं ‘परत आल्यावर इथे काय धरलं जाईल’. दोघांनाही ते उलटं वाटलं. “ताई, अजून जायचाच पत्ता नाही आणि परत यायचं कुठे काढलंस?”

वाद घालण्यापेक्षा तिचीच यादी काढून बघितली. एक्स्चेंजवर जायचं तर आपल्या विद्यापीठाचा जिथे करार आहे तिथेच जाता येतं. अशी विद्यापीठं निघाली अकरा. त्यात तिच्या विषयांचा विभाग असलेली पाच. फेब्रुवारीच्या आसपास विद्यार्थी घेणारी तीन. ते विषय इंग्रजीतून शिकवणारी दोन, दोन्ही नेदरलँड्समध्ये. देश ठरवायला आम्ही बसलोच नव्हतो, तो विषयांनी ठरवून दिला. तिच्या मनात महिनाभर इटली होती. ती थोडी हिरमुसली, मग नकाशा काढून बसली.

ठरलं : तक्ता शेवटाकडून सुरुवातीकडे लिहायचा.

१२ ऑगस्ट

एकच तक्ता पुरणार नाही, हे आज कळलं. एक्स्चेंज आणि पदवी ही दोन वेगळी कामं आहेत.

एक्स्चेंजमध्ये फी आपण आपल्याच विद्यापीठात भरतो, तिकडे शिकवणीची फी नसते आणि पदवी इथलीच मिळते. अर्ज आधी इथे करायचा असतो. आपलं विद्यापीठ नाव सुचवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात, आणि त्यानंतरच तिकडचा अर्ज उघडतो. म्हणून दोन मुदती असतात आणि आधीची मुदत इथलीच असते. बरेच जण तिकडच्या संकेतस्थळावरची तारीख बघून निवांत राहतात आणि इथली तारीख निघून जाते.

पूर्ण पदवीला मधे कुणी नसतं. थेट अर्ज, हेतुपत्र, शिफारसपत्रं, गुणपत्रकं, सगळं नव्यानं तपासलं जातं. याशिवाय तिसराही एक रस्ता आहे : करार नसलेल्या विद्यापीठात पाहुणा विद्यार्थी म्हणून एखादं सेमिस्टर करणं. जागा मिळते, पण तिथली फी स्वतः भरावी लागते आणि क्रेडिटचा (विषयाच्या श्रेयांकांचा) पाठपुरावाही स्वतःच करावा लागतो.

दोन पानं केली. तिसऱ्या रस्त्याला अर्धं पान.

१९ ऑगस्ट

क्रेडिटचा दिवस.

युरोपात क्रेडिट मोजायला ईसीटीएस ही सामाईक पद्धत चालते. वर्षाला ६०, सेमिस्टरला ३०. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि त्यात वर्गातले तास, घरचा अभ्यास आणि परीक्षेची तयारी सगळं धरलेलं असतं. नेदरलँड्समध्ये २८ तास धरतात. ज्युनिअरनं लगेच गुणाकार केला : ३० गुणिले २८ म्हणजे ८४० तास, वीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४२. “म्हणजे ही नोकरीच झाली की.” बरोबर आहे. वेळापत्रकात आठवड्याला बारा-चौदा तासच वर्ग दिसतात आणि माणसाला वाटतं, बाकीचा वेळ मोकळा. पहिल्या महिन्यात मीही तसंच समजत होते.

ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट असतात, म्हणजे तिथले दोन युरोपातल्या एकाबरोबर. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण १५, म्हणजे तिथला एक युरोपातल्या दोनांबरोबर. शेवटच्या वर्षाचा मुलगा तीन क्रेडिटचा अमेरिकी विषय ‘छोटा’ म्हणून बाजूला टाकत होता. तो सहा ईसीटीएसच्या विषयाएवढा भरतो.

तक्त्यात सूचना : आकडा लिहिताना पुढे कुठलं क्रेडिट ते लिहिलंच पाहिजे.

२६ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

हे दोन आठवडे विषयांच्या जोड्या लावण्यात गेले. आतापर्यंतचं सगळ्यात किचकट आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

पद्धत अशी बसवली. डावीकडे त्या सेमिस्टरला इथे शिकवले जाणारे विषय. उजवीकडे तिकडचा जुळणारा विषय, त्याचा कोड, क्रेडिट, पातळी (पहिल्या वर्षाचा की तिसऱ्या), कुठल्या सेमिस्टरला शिकवतात, परीक्षा कशी होते, पूर्वअट काय. शेवटचा रकाना : माहिती कुठल्या शैक्षणिक वर्षाच्या पानावरून घेतली. हा रकाना माझ्या हट्टानं घातला. माझा जो विषय त्या वर्षी नव्हताच, तो मी आदल्या वर्षीच्या यादीतून घेतला होता.

पाच विषय हवेत म्हणून पाचच शोधायचे नाहीत. प्रत्येक जागेला एक पर्याय आधीच शोधून, इथल्या शिक्षकांना दाखवून ठेवायचा. ज्युनिअरचे पाच मुख्य आणि चार पर्यायी झाले. पाचव्याला पर्यायच सापडला नाही.

नावावर जाऊ नये हे चार वेळा कळलं. एकाच नावाच्या दोन विषयांतला एक अर्धा गणिताचा निघाला आणि दुसऱ्यात गणित जवळजवळ नव्हतंच. उलट, अगदी वेगळ्या नावाचा एक विषय आपल्या तिसऱ्या पेपराशी सत्तर-ऐंशी टक्के जुळला. जुळतं की नाही हे आठवड्यावारीचं वेळापत्रक आणि वाचनाची यादी समोर ठेवल्यावरच कळतं.

विभागातल्या एका सरांनी सुरुवातीला “आपल्याशी शंभर टक्के जुळत नाही” म्हणून दोन विषय परत पाठवले. त्यांच्याकडे जाताना लिस्बनचा करार वाचून गेलो. ११ एप्रिल १९९७ चा हा करार युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून केलेला आहे. त्यातलं तत्त्व असं, की बाहेरचं शिक्षण नाकारायचं तर दोन्हींत ठळक फरक आहे हे नाकारणाऱ्यानं दाखवायचं. प्रत्येक देश त्या करारात नाही, त्यामुळे नियम म्हणून तो आम्ही पुढे केला नाही. पण ‘सारखं आहे का’ ऐवजी ‘फरक एवढा मोठा आहे का, की पुढच्या वर्षी तिला अडेल?’ हा प्रश्न सरांना पटला. त्यांनी सिलॅबस पुन्हा वाचले. एक विषय मान्य केला, दुसऱ्यात खरंच एक आख्खं प्रकरण कमी होतं, तो आम्हीच मागे घेतला. अशा चर्चेत मला फार समाधान मिळतं. कुणी कुणाला अडवत नसतं, दोघंही विषयाबद्दलच बोलत असतात.

१० सप्टेंबर

कॅलेंडरं. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात. जपानचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. ऑस्ट्रेलियाचं साधारण फेब्रुवारी-मार्चला. तिकडची परीक्षा संपायच्या आत इकडचं पुढचं सेमिस्टर सुरू होत असेल, तर ते आधी बघायला हवं.

नेदरलँड्सच्या बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टरचे पुन्हा दोन भाग असतात. निम्मे विषय फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलमध्ये संपतात आणि उरलेले एप्रिलनंतर सुरू होतात. ज्युनिअरचे तीन विषय पहिल्या भागात, दोन दुसऱ्या भागात. हे लक्षात ठेवायचं, पुढे लागणार आहे.

१७ सप्टेंबर

भाषेची परीक्षा. आयईएलटीएस आणि टोफेल दोन्हींचे निकाल दोन वर्षं चालतात, जीआरईचे (मास्टर्सच्या प्रवेशासाठीची परीक्षा) पाच. शेवटच्या वर्षाच्या मुलाचा आयईएलटीएसचा निकाल दीड वर्षापूर्वीचा आहे. अर्ज करताना चालला असता, पण प्रवेशाच्या आधीच मुदत संपते. पुन्हा द्यायची.

सरासरी पुरेशी आहे म्हणून थांबायचं नाही. बरीच विद्यापीठं वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं यांतल्या प्रत्येकात किमान गुण मागतात. त्याचं लेखन मागच्या वेळी अर्ध्या गुणानं कमी पडलं होतं आणि सरासरी चांगली आल्यामुळे ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

२४ सप्टेंबर

नावाचा घोळ. ज्युनिअरच्या पासपोर्टवर एक स्पेलिंग, गुणपत्रकावर दुसरं, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव मधे आहे आणि पासपोर्टवर नाही. आज कुणाला काही वाटत नाही, पण पुढे प्रत्येक खिडकीवर हाच प्रश्न येतो. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण धरायचं आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्यायचे किंवा प्रतिज्ञापत्र करायचं. पासपोर्टची मुदतही आजच बघितली. परतायच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक असावेत, एवढं धरून चाललं की बहुतेक देशांचे नियम त्यात बसतात.

तक्त्यात ही पायरी पार वर नेली. नॉमिनेशनच्याही आधी.

३ ऑक्टोबर

नॉमिनेशन गेलं. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

१४ ऑक्टोबर

लर्निंग अॅग्रीमेंट भरायला घेतलं. तीन सह्या लागतात : विद्यार्थ्याची, इथल्या विद्यापीठाची, तिकडच्या विद्यापीठाची. हा नमुना युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या इरॅस्मस कार्यक्रमातून रुळला. १९८७ साली अकरा देशांत तो कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. नमुना आमच्या करारालाही चालतो.

त्यात दोन तक्ते असतात : तिकडे काय शिकणार आणि त्याच्या बदल्यात इथलं काय सुटणार. माझ्या वेळी पहिला तक्ता मी नीट भरला होता आणि दुसऱ्यात ‘समकक्ष विषय’ एवढंच लिहिलं होतं. कुणी टोकलं नाही. आज ज्युनिअरला एकेका विषयापुढे इथला कोड लिहायला लावला.

गुणांचं रूपांतरही विचारून घेतलं. नेदरलँड्समध्ये दहापैकी गुण देतात, साडेपाचच्या पुढे उत्तीर्ण, आणि नऊ-दहा फार क्वचित मिळतात. जर्मनीत १.० सर्वांत चांगला आणि ४.० पर्यंत पास. फ्रान्समध्ये वीसपैकी दहाला पास आणि सोळा म्हणजे अतिशय उत्तम. तिकडचे आठ इथे सरळ ऐंशी टक्के धरले तर पोरीचं नुकसान आहे. परीक्षा विभागाकडून रूपांतराची पद्धत लेखी मागितली आहे.

२९ ऑक्टोबर

तिकडच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबर, रात्री २३:५९, सीईटी म्हणजे मध्य युरोपची प्रमाणवेळ. सप्टेंबरमध्ये मी ही वेळ आपल्या घड्याळात बदलून तक्त्यात लिहिली होती, पण तेव्हा युरोपात उन्हाळी वेळ चालू होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात. चूक आपल्या फायद्याची निघाली, तासभर जास्तच मिळाला. मार्चच्या शेवटच्या रविवारी हेच उलट होईल. तक्त्यातल्या सगळ्या वेळा काढून टाकल्या. आता नियम एकच : शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी अर्ज गेला पाहिजे.

तिचा आज गेला.

११ नोव्हेंबर

पैसे आणि व्हिसा. इथे घाई करून भागत नाही, कारण काही नियम दिवस मोजणारे आहेत. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. मधे एक दिवस जरी कमी झाली तरी मोजणी नव्यानं सुरू. जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंट मागतात. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, त्यातून दर महिन्याला ठरलेलाच भाग काढता येतो. अमेरिकेत विद्यापीठाकडून आय-२० हा व्हिसासाठीचा कागद आल्याशिवाय पुढे सरकता येत नाही आणि त्या व्हिसावर अभ्यासक्रम सुरू व्हायच्या ३० दिवसांपेक्षा आधी देशात प्रवेश नाही. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्याच्या वतीनं विद्यापीठच इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करतं. सोपं वाटतं, पण कागद त्यांना वेळेत द्यायचे असतात.

पैशाचं बोलणं घरी उशिरा निघतं, हे तिघांच्याही घरी सारखंच. ज्युनिअरनं काल आईवडिलांसमोर सहा महिन्यांचा हिशेब मांडला. प्रवास, विमा, ठेव, पहिल्या महिन्याचे जादा खर्च, सगळं वेगवेगळं लिहून. वडील म्हणाले, आकडा मोठा आहे पण निदान दिसतोय तरी. आकडा न दिसण्याचीच भीती जास्त असते.

२० नोव्हेंबर

अपोस्टिल. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराप्रमाणे सदस्य देश एकमेकांचे दाखले एका शिक्क्यावर मान्य करतात. करारात नसलेल्या देशासाठी दूतावासातून वेगळं प्रमाणीकरण लागतं. शिक्का सही-मोहोर खरी असल्याचा असतो, आतल्या मजकुराचा नाही.

चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर नेदरलँड्समध्ये पोहोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते आणि तिथे जन्मदाखला मागतात. तिकडे गेल्यावर तो करून घेणं जवळपास अशक्य, म्हणून आत्ताच. तिचा जन्मदाखला जुन्या नमुन्यातला निघाला, आधी नवा काढावा लागला. अठरा दिवस गेले.

९ डिसेंबर

घर. या एका गोष्टीनं ज्युनिअर रडकुंडीला आली. विद्यार्थ्यांच्या खोल्यांची तिथे चणचण आहे आणि काही विद्यापीठं स्पष्टच सांगतात, की खोली मिळाल्याशिवाय येऊ नका. काल तिला एका खोलीचे सुंदर फोटो आले. मालक परदेशात, किल्ली कुरिअरनं पाठवतो, आधी ठेव भर. मी फोटो शोधून पाहिले तर तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत सापडले.

तक्त्यात ठळक अक्षरांत : व्हिडिओवर खोली चालत फिरून दाखवल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक पैसाही पाठवायचा नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज ज्या दिवशी उघडतो त्याच दिवशी भरायचा.

१६ डिसेंबर

वसतिगृहात खोली मिळाली! पाचव्या मजल्यावर, स्वयंपाकघर सामाईक. तिनं आनंदानं तीन वेळा फोन केला.

६ जानेवारी

शेवटच्या वर्षाच्या मुलाचे अर्ज गेले. लेखनाचे गुण या वेळी पूर्ण आले. त्याचे निकाल वसंतात, म्हणून त्याचं पान अर्धं रिकामं ठेवलंय.

२२ जानेवारी

निघायच्या आधीची शेवटची बैठक. बॅगेत काय न्यायचं यावर वीस मिनिटं गेली. मी एवढंच सांगितलं, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदम उदास वाटलं तर आपण चुकलो असं समजू नको. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकातच ‘कल्चर शॉक’चे टप्पे मांडले : आधी भारावलेपण, मग घसरण, मग हळूहळू जुळणं. प्रत्येकाचं त्याच क्रमानं होतंच असं नाही. माझी घसरण सहाव्या आठवड्यात आली होती, वाचनालयात, काहीही कारण नसताना. त्या दिवशी मी घरी फोन न करता शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. ते बरं झालं.

५ फेब्रुवारी

पोहोचली. नगरपालिकेची वेळ घरूनच घेऊन ठेवली होती. जन्मदाखला मागितला आणि तो होता.

१९ फेब्रुवारी

तिचा रात्री उशिरा निरोप : “ताई, दुसऱ्या भागातले दोन विषय एकाच वेळी आहेत.”

माझ्या पोटात गोळा आला. अगदी माझंच झालं. पण एक फरक होता. एप्रिलमधल्या विषयांचं वेळापत्रक ती फेब्रुवारीतच बघत होती, कारण सप्टेंबरच्या नोंदीत ते लिहून ठेवलेलं होतं. इरॅस्मसच्या पद्धतीत विषय बदलायची विनंती सेमिस्टर सुरू झाल्यापासून पाच आठवड्यांत करायची असते. आपल्या करारातही तेच घेतलंय. एप्रिल उजाडेपर्यंत ती थांबली असती तर मुदत कधीच गेली असती. तिथल्या नोंदणीचीही खिडकी आठवड्याभरात बंद होणार होती.

चार पर्यायांतला एक विषय काढला. सरांनी तो सप्टेंबरमध्येच वाचून मान्य केलेला होता. त्यांना जुन्या ईमेलच्या खाली लिहून नवं वेळापत्रक पाठवलं.

२० फेब्रुवारी

सरांचा फोन आला, “हो, चालेल.” मी म्हटलं, “सर, तेवढं कागदावर हवंय.” ते हसले आणि म्हणाले, पाठव फॉर्म.

२८ फेब्रुवारी

तिची सही २१ ला, सरांची २४ ला, तिकडच्या समन्वयकांची आज दुपारी. बदललेल्या अॅग्रीमेंटची प्रत तिघांकडे आणि परीक्षा विभागाकडे गेली.

३ मार्च

परीक्षा विभागात जाऊन पोच घेतली. फाइलमध्ये मूळ अॅग्रीमेंटच्या वर नवं पान लावलं, त्याच्यावर पोच. तिच्या नव्या विषयाचा पहिला तास एप्रिलमध्ये आहे.